वासाच्या मेणबत्त्या

मेणबत्ती या वस्तूवर आपल्याला कधी डोकं चालवावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं. आमच्या घरात मेणबत्ती म्हणजे लाइट गेल्यावर शोधायची आणि नेमकी तेव्हाच न सापडणारी वस्तू. सापडलीच तर वाटी पालथी घालायची, तिच्यावर चार थेंब मेण पाडायचं, त्यात ती रोवायची, संपला विषय. तिला पहिल्यांदा किती वेळ जळू द्यायचं, तिची वात केवढी ठेवायची, झाकण कधी घालायचं, असल्या भानगडी नव्हत्या. त्या मागच्या थंडीत सुरू झाल्या आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप होऊन बसल्या.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने पार्सल पाठवलं. बोरी बुद्रुकपर्यंत ते कुणी आणून देत नाही, आळेफाट्यावरून आणावं लागतं. शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून मी ते आणलं. आत चार काचेच्या बरण्या, लाकडी झाकणांच्या. पिवळी लिंबाची, तपकिरी लवंगेची, गुलाबी ती गुलाबाची आणि हिरवट निलगिरीची. किंमत तिने सांगितली नाही, म्हणजे सांगण्यासारखी नसणार. पाठोपाठ फोनवर तिच्या आवाजातल्या सूचना. एक ऐकून होईतो दुसरी येत होती. जन्मभर मी वर्गात पोरांना सूचना देत आले, पण एका दमात इतक्या मीसुद्धा कधी दिल्या नसतील.

मेणबत्त्या माझ्यासाठी नव्हत्या, मालकांसाठी होत्या. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे असंच म्हणतात, मालकी कुणाची चालते ते घरात पाऊल टाकल्यावर कळतं. करोनाच्या साथीच्या वर्षी हॉस्टेल बंद झालं म्हणून मुलगी घरी आली आणि येताना ताप घेऊन आली. आम्ही तिघंही पडलो, तिघंही उठलो. मालकांचा वास मात्र गेला तो गेलाच. दुसऱ्या कुणाचा गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. हा माणूस कांदा साठवायच्या चाळीशेजारून नुसता चालत जायचा आणि सांगायचा, "मधल्या कप्प्यात तळाला सडलाय." उपसून पाहिलं की सडका कांदा तिथेच निघायचा. आता चाळीपाशी उभे राहून मला हाक मारतात, "मास्तरीणबाई, जरा हिकडं ये, वास येतोय का बघ." माझ्या नाकाला सगळी चाळ सारखीच वाटते.

मालकांनी कधी तक्रार केली नाही. मुलीने मात्र मनाला लावून घेतलं. "माझ्यामुळे गेला पप्पांचा वास," असं ती एकदाच रडून म्हणाली. नंतर तो विषय तिने काढला नाही, पण घरी येणं कमी केलं. आली तरी जेवताना बापाकडे बघायची नाही. पूर्वी मालक पहिला घास घ्यायच्या आधी ताट नाकाजवळ नेऊन "वा!" म्हणायचे. ते "वा!" बंद झालेलं तिला सोसवत नव्हतं. मग कुठेतरी तिच्या वाचनात आलं की रोज तेच तेच तीव्र वास हुंगत राहिलं तर गेलेला वास परत येऊ शकतो. म्हणून या बरण्या.

मी म्हटलं, "अगं, लवंग डब्यात आहे, लिंबू परसात आहे, गुलाब दारात आहे. निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये मिळतं. पैसे कशाला जाळायचे?"

ती म्हणाली, "आई, पप्पा लवंग हातात धरून बसणार आहेत का? मेणबत्ती समोर लावली की बसतील तरी."

हे बाकी खरं होतं. मालक बसले. पण बसले म्हणजे माझ्यावर उपकार केल्यासारखे. पहिल्याच संध्याकाळी लिंबाची लावली आणि मी भाकरी टाकायला आत गेले. परत येऊन बघते तर झाकण घालून मोकळे. म्हणाले, "पुरं झालं की. जपून वापराया नको? पोरीचा पैसा हाय." आता मुलीने बजावून सांगितलं होतं की पहिल्या खेपेला वरचं सगळं मेण कडेपर्यंत पातळ होईतो मेणबत्ती जळूच द्यायची. लवकर विझवली तर मधे खड्डा पडतो, पुढच्या वेळी ज्योत त्या खड्ड्यातच उतरत जाते आणि कडेचं मेण आयुष्यभर तसंच राहतं. मी हे समजावून सांगितलं. मालकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी परत तेच. लिंबाच्या मेणबत्तीत अशी विहीर खणली त्यांनी की तळाशी ज्योत दिसायची आणि भोवती पिवळी भिंत. वाचवून वाचवून वाया घालवण्याची कला कुणी शिकावी तर आमच्या घरात येऊन.

वातीचं तर विचारू नका. प्रत्येक वेळी लावायच्या आधी तिचं काळं टोक कापायचं, नाहीतर ज्योत मोठी होते, काच काळी पडते, मेण भराभर संपतं. मी नेलकटर घेऊन बसायचे. शेजारीण म्हणायची, "बाई, त्या मेणबत्तीची नखं कापताय व्हय?" मालक तेवढ्यात पंखा लावायचे. वाऱ्यात ज्योत एकीकडे कलली की मेण एकाच बाजूने वितळतं, म्हणून मी पंखा बंद करायचे. ते परत लावायचे. एकदा वास यावा म्हणून इतके वाकले की भुवई होरपळली. त्या जळक्या केसांचा वास मला स्वयंपाकघरात आला. त्यांना नाही.

एका गोष्टीत मात्र घराची रीत आणि मुलीची सूचना तंतोतंत जुळली. तिने सांगितलं होतं, मेणबत्ती फुंकायची नाही. फुंकलं की धूर होतो, धुराचा वास मेणात बसतो, मूळ वास बिघडतो. झाकण ठेवून विझवायची. आमच्याकडे तर दिव्यावर फुंकर मारणं पापच. मुलगी लहान असताना वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या आणल्या होत्या, तर मालकांनी त्या विझवू दिल्या नव्हत्या. "वाढदिसाला दिवा लावत्यात का इझवत्यात?" म्हणाले. मेणबत्त्या शेवटपर्यंत जळल्या, केकवर मेणाचे गोळे, पोर रडून लाल. तर या चारही बरण्यांना आमच्या घरात कधी फुंकर लागली नाही. तेवढीच एक डोकेदुखी वाचली, असं मी समजत होते.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "पप्पा, येतो का?" सुरुवातीला मालक म्हणायचे, "अजून न्हाई." मुलीचा चेहरा उतरायचा. संक्रांतीच्या सुमारास एकदा म्हणाले, "आज जरा जाणवला बरं का. लिंबू." मुलगी तिकडे टाळ्या वाजवायला लागली. मग हळूहळू लवंगही येऊ लागली, निलगिरीही. मुलगी सुट्टीला येऊ लागली, जेवताना बापाशी भांडू लागली, पूर्वीसारखी. मला काय वाटलं ते सांगून कळणार नाही. मी आणखी जिवापाड त्या मेणबत्त्या सांभाळायला लागले. उन्हापासून दूर ठेवायच्या, धूळ बसू द्यायची नाही, झाकण घट्ट. त्या जितक्या जास्त पुरतील तितकं नाक मोकळं होईल, असं गणित मी मांडलं होतं.

आणि एके दिवशी शाळेतून येऊन बघते तर गुलाबाच्या बरणीत शेंगतेल. काठोकाठ.

"अहो, हे काय?"

"मेण पार खाली गेलं व्हतं. म्हणलं घालावं थोडं तेल."

"ती समई आहे का?"

"जळायचं काम दोघींचं एकच हाय की."

सगळ्यात महागाची तीच असणार. तेल ओतून दिलं, मेण खरवडून काढलं, बरणी साबणाने घासली, तरी हाताला तळलेल्या पुऱ्यांसारखा वास. बरणी फेकवेना. लाइट गेल्यावर कामाला येईल म्हणून दुकानातल्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्या वितळवून तिच्यात ओतल्या, सुताची वात धरली, आणि नुसतं पांढरं बरं दिसेना म्हणून मुलीच्या जुन्या रंगखडूचा गुलाबी तुकडा टाकला. ही गोष्ट मालकांना सांगायची गरज वाटली नाही. रागातच होते मी.

दोन-तीन दिवसांनी चाळीवरून आले तर मालक व्हिडिओ कॉलवर होते आणि समोर तीच बरणी पेटलेली. मुलीने विचारलं, "आज कुठली?"

"गुलाब," मालक म्हणाले. डोळे मिटून लांब श्वास घेतला. "लई भारी वास सुटलाय आज. पार घरभर."

मी दारातच उभी राहिले. मुलगी हसत होती. फोन बंद होईपर्यंत मी गप्प बसले, यासाठी मला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं होतं.

"त्यात वास नाहीच," मी म्हटलं. "साधं मेण आहे आणि रंगखडू आहे. लिंबू तरी आलं होतं का कधी? लवंग?"

मालकांनी बरणी जवळ ओढली. मग म्हणाले, "पिवळी दिसली की लिंबू म्हनायचं. त्यात काय अवघड हाय?"

"आणि मी वेडी! नेलकटर घेऊन बसते, पंखे बंद करते! कुणासाठी?"

"ती घरी याया लागली ना?" तेही चिडले. "माज्याकडं बघून बोलाया लागली ना? मग मला वास आला काय आन् न्हाई आला काय! आता ते तुजं देव्हाऱ्यावानी मांडून ठेवलेलं पयलं बंद कर!" आणि रागाच्या भरात वाकून त्यांनी मेणबत्तीवर फुंकर मारली.

"फुंकू नका!" मी ओरडले. उशीर झाला होता. वातीतून धुराची बारीक दोरी उठली आणि सरळ त्यांच्या तोंडावर गेली.

मालक वाकलेले तसेच राहिले. म्हणाले, "कायतरी जळतंय."

"पुरे झालं तुमचं नाटक."

"नाटक न्हाई गं. परवा अंघोळीचा बंब पेटवताना पण असंच वाटलं व्हतं. इतकं खोटं बोललोय की माजं मलाच खरं वाटंना, म्हनून गप बसलो."

मी मास्तरीण आहे, नुसत्या तोंडी उत्तरावर गुण देत नाही. त्यांना पाठ फिरवून, डोळे मिटून बसवलं. मेणबत्ती लावली, नाकाजवळ आणली, झाकण घालून विझवली. "काही?" "न्हाई." परत लावली, नाकाजवळ आणली, लांब नेली, काहीच केलं नाही. "न्हाई." मग आवाज होऊ नये म्हणून हळूच चिमटीने ज्योत दाबली आणि धुरकटलेली वात त्यांच्या खांद्यावरून पुढे धरली. माणूस ताठ झाला. "आता. आता आलं बघ."

मग काय, लिंबाची लावली, फुंकली. लवंगेची लावली, फुंकली. ज्या मेणबत्त्या मी इतके दिवस लहान पोरासारख्या जपल्या होत्या त्यांच्यावर आम्ही दोघं बसून फुंकरी मारत होतो. लिंबू नाही की लवंग नाही, त्यांना येत होता तो फक्त जळक्या सुताचा धूर, तोच जो मी काळजीपोटी इतके दिवस झाकणाखाली कोंडून ठेवला होता. घरभर धूर. खोकून खोकून माझा जीव गेला.

मुलीला फोन लावला. तिने आधी धूर पाहिला. "आई! तू फुंकलीस? किती वेळा सांगितलं होतं! सगळ्या खराब झाल्या असतील!"

"तुझ्या बापालाच विचार," म्हणत मी फोन मालकांच्या हातात दिला. इतके दिवस घडाघडा खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून खरं निघेना. कसेबसे म्हणाले, "पोरी, आदीचं समदं खोटं व्हतं. तुला बरं वाटावं म्हनून बोललो. आत्ताचं खरं हाय. धूर आला मला."

पलीकडून तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"पप्पा," ती म्हणाली, "परत फुंका ना. मला बघायचंय."