कबुतरं ज्या डिस्कला घाबरत

दिंडोशीच्या आमच्या खिडकीत कबुतरं बसू नयेत म्हणून आईने जुन्या सीड्या दोऱ्यात ओवून टांगल्या होत्या. मी कॉम्प्युटरच्याच नोकरीत. ही अडगळ फेकून दे, असं तिला किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. पण आई मूळची मालवणकडची. ती काही फेकत नाही, कामाला लावते.

एका शनिवारी सकाळी तिचा म्हातारा कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि गाडी तिथेच अडायची. त्यात आईची फाइल होती. गेली तीन वर्षं दुपारची भांडी आवरली की ती एका बोटाने काहीतरी टाइप करत बसायची. कॉपी काढून ठेवतो, येत्या रविवारी नक्की, असं मी तिला दर महिन्याला सांगायचो. ऑफिसात मी लोकांना बॅकअपवर व्याख्यानं झोडतो. त्या सकाळी मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. म्हणून उलट आईलाच विचारलं, या कॉम्प्युटरबरोबर आलेली रिकव्हरी डिस्क कुठे घालवलीस?

"डावीकडून तिसरी," आई खिडकीकडे बोट दाखवत म्हणाली. "कबुतरां तिकाच जास्त भियतत."

दोरा कापून डिस्क खाली घेतली. तिच्यावर कबुतरांनी आपलं मत नोंदवून ठेवलं होतंच. भांड्यांच्या साबणाने धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. पण कॉम्प्युटरचा डिस्कचा कप्पा कधीचाच अडकलेला, आणि माझ्या लॅपटॉपला तो कप्पाच नाही. डिस्कवरचं सगळं पेनड्राइव्हवर नेऊन त्यावरून कॉम्प्युटर सुरू करणं, एवढाच मार्ग उरला. तळमजल्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह होता. डिस्कच्या भोकात राहिलेला दोरा बघून तो हसला, पण ड्राइव्ह दिला. आईचा कॉम्प्युटर त्यावरून थेट सुरू होईना, म्हणून मी तो माझ्या लॅपटॉपला जोडला.

घाईत मी डिस्कवरच्या फाइली नुसत्या उचलून पेनड्राइव्हवर टाकल्या. कॉम्प्युटरने त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही. तसं चालत नाही, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. अख्ख्या डिस्कची एकच इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ती खास प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. ऑफिसात रोज हेच करतोस ना, असं आईने अगदी साळसूदपणे विचारलं. मी पुन्हा सुरुवात केली. डिस्क वाचताना ड्राइव्ह दोनदा कुरकुरला, पण इतकं ऊन खाऊनही तिने शेवटपर्यंत साथ दिली.

या खेपेला पडदा निळा झाला. त्यावर दोन पर्याय होते: आहे ते दुरुस्त करायचं, किंवा सगळं पुसून कॉम्प्युटर नव्यासारखा करायचा. एक बटण चुकलं की तीन वर्षं गेली. माझं बोट तसंच वर राहिलं.

आईने चष्म्यातून दोन्ही ओळी वाचल्या. "नवा नको," ती म्हणाली. "आहे तोच हवा."

अर्ध्या तासाने कॉम्प्युटर उठला. फाइल जागेवर होती. नीट उघडते का बघायला मी ती उघडली. पहिल्याच पानावर, वरती एकटीच ओळ होती: मुलगा विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी फाइलची काळजी करतोय असं दाखवत होतो, पण आत काय आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. बाजूला आई खिडकीत बघत होती. डिस्क काढल्याच्या मोकळ्या जागेत एक कबुतर ऐटीत येऊन बसलं होतं.

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि विचारलं, "आई, लग्न होऊन मुंबईला आलीस, त्या पहिल्या दिवशी काय जेवलीस गं?"

"पान चारवर आहे," ती म्हणाली. "आधी कॉपी काढ."