आधी अभिनंदन

त्या वेळी मी मुंबईच्या एका शेअर ब्रोकर कंपनीत विश्लेषक होते. हैदराबादचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक फोन आणि मी. खोली असण्याचं कारण एकच: मी जिच्यावर अहवाल लिहायचे, ती खाजगी बँक हैदराबादची होती. उदारीकरणानंतर निघालेली, संगणकांचा आणि एटीएम कार्डांचा गाजावाजा करणारी. बँक माझ्या हातून गेली की खोलीही जाणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

दर तिमाहीला निकाल लागले की बँकेचे वरिष्ठ फोनवर येत आणि देशभरातले विश्लेषक त्याच लाइनवर. पाळी आली की ऑपरेटर नाव पुकारायची. एकाला एकच प्रश्न. आणखी विचारायचं तर फोनचं बटण दाबून पुन्हा रांगेत. आणि प्रत्येक जण सुरुवात त्याच वाक्याने करायचा: उत्तम निकालाबद्दल अभिनंदन, सर. निकाल बेतास बात असला तरी.

पाळी येईपर्यंत आमचा आवाज तिकडे जात नसे. त्यामुळे मी डबा खाता खाता मराठीत उत्तरं द्यायचे. "कशाला थापा मारता?" असं म्हणायचं आणि पोळीचा घास घ्यायचा. कित्येकदा दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं. नल्लकुंट्याला भाड्याच्या खोलीवर परतले की घरमालकीण जिन्यात विचारायची, "तिन्नारा?" जेवलात का? मी "तिन्नानु" म्हणून वर जायचे. संपलं.

एकदा निकालाच्या आधीच्या आठवड्यात मी बँकेच्या सुलतान बाजार शाखेत स्वतःच्या खात्याचे पैसे काढायला गेले. कारकुनाने टेबलाखालून बुटांचा खोका काढला. आत कार्डांची पाकिटं रचलेली.

"मॅडम, तुमारा भी इसमेच है. लेके जाव ना!"

"और बाकी के?"

"कोई नै आते. मशीन पे भरोसा नै बोलते. उप्पर से छप के आते, हम डब्बे में डालते."

मीही माझं पाकीट नेलं नाही. काउंटरवर निदान कोणीतरी बोलतं.

निकालाच्या दिवशी बँकेने किती कार्डं दिली याचा आकडा मोठ्या थाटात जाहीर झाला. माझी पाळी आली तेव्हा मी थेट विचारलं, "यातली किती ग्राहकांनी नेली आणि किती जण वापरतात?"

बँकेचे वित्तप्रमुख म्हणाले, "तो तपशील आम्ही देत नाही. पुढचा प्रश्न."

फोन संपतोय तोच मुंबईहून आमच्या साहेबांचा फोन.

"मॅडम, अभिनंदन राहिलं."

"कशाचं अभिनंदन? कार्डं खोक्यात पडलीयत."

"पडू देत. लग्नात आधी अक्षता टाकता, की आधी आचाऱ्याला धारेवर धरता? पुढच्या वेळी त्यांनी तुम्हाला बोलू दिलं नाही, तर ती बँक इथला कोणीतरी बघेल. मग तुम्ही तिथे काय करणार, मोती विकणार?"

पुढच्या निकालाला मी रिकाम्या खोलीत दोनदा मोठ्याने "अभिनंदन" म्हणून बघितलं. पाळी आली. ते वाक्य नीट म्हटलं.

"अरे वा, मॅडम!" वित्तप्रमुख म्हणाले. "तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं. कशा आहात?"

त्या आठवड्यात हे मला कोणीच विचारलं नव्हतं. कार्डांचा प्रश्न समोर कागदावर लिहिलेला होता. मी विचारलं, नव्या शाखा कुठे उघडणार? त्यांनी दिलसुखनगरपासून सुरुवात करून ऐसपैस उत्तर दिलं.

मग खऱ्या प्रश्नासाठी मी पुन्हा रांगेत उभी राहिले. वेळ उरणार नाही, हे बटण दाबतानाच मला माहीत होतं. ऑपरेटरने सगळ्यांचे आभार मानले आणि लाइन बंद झाली.

साहेब "शाब्बास" म्हणाले. खोली राहिली.

महिन्याभराने मी सुलतान बाजारला जाऊन माझं कार्ड मागितलं. कारकुनाने आता दोन खोके काढले. बोलत बोलत माझं पाकीट शोधायला त्याला वेळ लागला, आणि मी तो लागू दिला.