आबांच्या हातातलं भाडं

जागेचं भाडं द्यायला निघाले की हमीदचाचा इस्त्रीचे कपडे घालत. उस्मानपुऱ्यातलं आमच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर त्यांनी स्वतः बांधलेलं, पण खालची जमीन देशमुखआबांची. तिचं भाडं वर्षातून एकदा आबांच्या हातात द्यायचं, चहा प्यायचा, परत यायचं. लोकांचे कपडे शिवण्यात हयात गेलेले चाचा त्या दिवशी असे नटत की मी विचारायचे, "चाचा, निकाह आहे का कुणाचा?"

पुढं आबा अंथरुणाला खिळले, माणसंही ओळखेनात. भाडं मुलाकडे द्या, असं मी चाचांना कितीदा सांगितलं. "आबा हयात हायेत अजून. आत्ताच पोराच्या हातात पैसं ठेवलं म्हंजे आबा गेले असंच झालं की," ते म्हणत. असा अदबीचा हट्ट. दुखणं काही वर्षं चाललं, भाडं साचत गेलं आणि बाजूला ठेवलेले पैसे चाचींच्या आजारपणात संपले.

आबांच्या तेराव्याला चाचांनी थोरल्या मुलाला, विलासला, थकलेलं भाडं कसं फेडू म्हणून विचारलं. मी शेजारीच होते.

"आबांच्या वेळचं आबांसंगं गेलं, चाचा," विलास म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

पुढच्याच वर्षी त्यानं ती जमीन एका बिल्डरला विकली आणि मागची थकबाकी वसूल करायचा हक्कही खरेदीखतात लिहून दिला. बिल्डरची नोटीस आली: सगळं भाडं व्याजासकट भरा, नाहीतर जागा सोडा.

वकील म्हणाले, माझ्या एकटीच्या साक्षीनं भागणार नाही; भाडं सोडलं होतं असं विलासनं कोर्टात सांगितलं तरच काही आशा आहे. मी त्याच्याकडे गेले. "बोललो असंन, वैनी. पण दस्तावर सही झाली," म्हणून त्यानं मान खाली घातली. त्याला कोर्टात खेचू म्हटलं तर चाचांनी कानांवर हात ठेवले.

"आबांच्या पोराला चारचौघांत खोटं पाडू? नाय जमणार मला, बाई. घर गेलं तरी."

मला त्यांचा इतका संताप आला की मी बोलणंच टाकलं. थकबाकीपोटी घर गेलं आणि चाचा पडेगावला मुलीकडे राहायला गेले. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. भेटायला गेले तर पलंगाच्या कडेला, पाहुण्यासारखे बसलेले.

"ये जगह किसकी है?" त्यांनी मुलीला विचारलं.

"अपनीच है, अब्बा. खरीदी हुई है."

चाचा हळूच म्हणाले, "और मालिक बदल गया तो?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात चाचा वारले, तेव्हा त्यांचं सामान अजून बांधलेलंच होतं.