पद्मावतीची साडेतीन मिनिटं

हैद्राबादच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये पद्मावतीला वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात एक गोष्ट तिच्या अंगात अशी मुरली होती की घड्याळवाल्यांनी तिला सलाम ठोकावा. तीन मिनिटं. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. लोक बोलत राहत, ही शेजारच्या बोर्डावरच्या बाईशी लोणच्याच्या खारावर चर्चा करत राही, आणि बरोबर तीन मिनिटांनी तिचा हात बोर्डावरच्या, लाइनवर बोलायच्या किल्लीवर जाई. "तीन मिनिटं झाली, वाढवू?" घड्याळाकडे न बघता. घरी अंडी उकडायची असली तरी वहिनी तिलाच गॅसपाशी उभी करत.

बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला! वडील परभणीकडची शेती सोडून नोकरीसाठी इकडे आले आणि चिक्कडपल्लीत घर करून राहिले. आता ते घर थोरले भाऊ एकनाथराव आणि वहिनी इंदुताई यांचं, आणि मागची खोली पद्मावतीची. लग्न दोनदा जमत आलं, दोनदा मोडलं. मग कुणी विषय काढेना. वय एकेचाळीस. अंगकाठी इतकी बारीक की बसमध्ये तिघींच्या बाकावर चौथी म्हणून बायका हिलाच हाक मारायच्या.

दिवसभर कानात माणसं. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगी झाली, आणि "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" तर सगळ्यांचंच. घरी यावं तर केबल आलेली. पूर्वी एक चॅनेल होतं तेव्हा टीव्ही रात्री तरी गप्प बसायचा, आता डझनभर झाले आणि तो गप्प बसायचंच विसरला. पद्मावती गच्चीवर जाऊन बसे, तर खाली नाक्यावर पिवळ्या पाटीचं नवं एसटीडी बूथ, आणि त्यात कुणीतरी दुबईला ओरडत असे. आपल्याला काय हवंय ते तिला नीट सांगता आलं नसतं. हवं मात्र फार होतं.

ते काय होतं ते तिला त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात कळलं, आणि तेही नियम मोडून.

नियम असा की कॉल जोडून द्यायचा आणि ऐकायचा नाही. शर्वरी नावाची एक मुलगी पुण्यात शिकून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला इकडे आली होती. तिची आई देवरुखजवळच्या गावात राहायची. तिथं अजून एसटीडी पोचलं नव्हतं, म्हणून शर्वरी दर शनिवारी ट्रंक कॉल लावायची. त्या शनिवारी कॉल जोडून पद्मावती ऐकायची किल्ली मिटणार, तोच आवाज आला, "आई, मी विमानातून उडी मारली! अगं ओरडू नकोस, छत्री होती पाठीला. आणि ती उघडली ना, की इतकं शांत झालं… आवाजच नाही गं. कसलाच नाही. दुपारी आपल्या देवघरात असतं ना, त्याहून शांत."

पद्मावतीचा हात तिथंच राहिला. तीन मिनिटं होऊन गेली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिला ती कळली नाहीत. भानावर आली तेव्हा "वाढवू?" असं विचारायचं सोडून ती म्हणाली, "अहो बाई, हे कुठं असतं?"

"ही कोण आणखी?" देवरुखकडून आईनं विचारलं. शर्वरी खो खो हसली आणि तिनं पत्ता सांगितला.

शहराबाहेर एका जुन्या धावपट्टीवर नवाच क्लब निघाला होता. शिकवणारे हिम्मतराव फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, साताऱ्याकडचे. मराठी बोलणारं माणूस बघून ते खूश झाले, पण अंगकाठी बघून ती खुशी गेली.

"वजन किती?"

"असेल की पंचेचाळीस."

"चाळिसाच्या वर भरलात तर मिशा उतरवीन."

खरं वजन एकेचाळीस होतं, म्हणजे मिशा गेल्याच होत्या.

"बाई, ही फौजी छत्री. जवानाच्या वजनाला बेतलेली," हिम्मतराव म्हणाले. "तुम्हाला घेऊन ती खाली यायचं नावच घेणार नाही. वारा नेईल तिकडं जाल. अठ्ठेचाळीस पाहिजे. आमचा काटा बिघडलाय, तेव्हा नामपल्ली स्टेशनच्या मशीनचं कार्ड आणा."

खाली यायचं नाव घेणार नाही, यात वाईट काय, हे तिला परतीच्या बसमध्येसुद्धा समजेना.

मग ती खायला लागली. उस्मानिया बिस्किटं मलईत बुडवून, केळी तुपात परतून, डबल का मीठा वाटी वाटी. "वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय का काही?" इंदुताईंनी काळजीनं विचारलं. खरं कारण कळलं तेव्हा एकनाथरावांनी पेपर खाली ठेवला. "दिमाग खराब झाला का तुझा? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक वीस वर्षं माझ्या कानातच बोलतायत, दादा. काय म्हणतात ते मला पाठ आहे," ती म्हणाली. एवढं लांब वाक्य ती त्या घरात प्रथमच बोलली असावी. एकनाथरावांनी पेपर पुन्हा उचलला.

तीन महिन्यांनी वजन त्रेचाळीस. त्यापुढे काटा हलेना. तिच्या घशाखाली घास उतरेना आणि डोळ्यांपुढून ती शांतता जाईना. तेव्हा एका सकाळी तिनं स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला, कापडी पिशवीत घातला, पिशवी पदराखाली छातीशी धरली आणि नामपल्ली गाठली.

मशीनवरचे लाल-हिरवे दिवे गरगर फिरू लागले. मागे उभ्या असलेल्या बुरख्यातल्या बाईला राहवेना. "आपा, झोला नीचे रखो ना. वज़न ज़्यादा आता."

"मालूम है," पद्मावती म्हणाली. "मेरेकू ज़्यादाच होना."

कार्ड खडखडत बाहेर पडलं. अठ्ठेचाळीस किलो. मागे भविष्य छापलेलं होतं: आप स्वभाव से सच्चे हैं. ते तिनं घाईघाईनं उलटं केलं.

सहा रविवार शिक्षण चाललं. टेबलावरून उडी मारायची, पाय जोडून, गुडघे सैल ठेवून, आणि जमिनीला लागलं की कुशीवर लोळायचं. छत्रीचा पट्टा विमानाला अडकवलेला असतो, उडी मारली की ती आपली आपण उघडते. तरी मोठ्यानं मोजायचं, "एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार," आणि मान वर करून छत्री बघायची. पद्मावती घरी दिवाणावरून उड्या मारून मोजत असे. तिच्यासारखं मोजणारं हिम्मतरावांनी फौजेतही पाहिलं नव्हतं. "घड्याळ गिळलंय का?" ते म्हणायचे. आणि त्यांच्या वहीत तिच्या नावापुढे अठ्ठेचाळीस लिहिलेलं होतं.

फेब्रुवारीतल्या रविवारी सातजण उडी मारणार होते. खांबावरची वारा दाखवणारी केशरी कापडी पिशवी अर्धीमुर्धी फुगली होती. हिम्मतरावांनी विमानातून आधी वजन बांधलेली कागदाची लांब पट्टी टाकली होती, ती कुठं पडते ते बघून परतले होते, आणि आता वहीत बोट ठेवून प्रत्येकाला कुठं सोडायचं त्याचा हिशोब करत होते. पूर्वेला तळं होतं आणि त्याच्या अलीकडे विजेच्या तारा. पद्मावतीच्या छातीवरचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून बघितले.

"अठ्ठेचाळीस, म्हणजे तुम्हाला आज चालतंय," ते म्हणाले. "चार किलो कमी असतात तर खालीच बसवलं असतं. तारांवर गेला असतात."

विमान सुरू झालं होतं. दार काढून टाकलेलं, आतली जमीन दिसत होती. पाच महिने ती याच दारासाठी जगली होती. गप्प राहिलं की झालं. पण या माणसानं आपल्या खोट्या आकड्यावर बोट ठेवून हिशोब केलाय, आणि उद्या काही झालं तर तो जन्मभर स्वतःची वही तपासत बसेल, हे तिला दिसलं.

"सुभेदारसाहेब," ती म्हणाली, "त्यातलं पाच किलो वरवंट्याचं आहे."

हिम्मतरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी एकेक पट्टा सोडवला. "तुमच्या खोट्यानं माझ्या हातून माणूस मेलं असतं," एवढंच म्हणाले आणि बाकीच्या सहाजणांना घेऊन गेले. पद्मावती धावपट्टीच्या कडेला बसून हमसाहमशी रडली. वरून सहा छत्र्या उतरल्या, आणि त्या उतरताना तिनं डोळे मिटले नाहीत, एवढं खरं.

पुढच्या रविवारी ती परत हजर. तिनं सगळ्यांच्या छत्र्या झटकल्या, दोऱ्यांची गुंतावळ सोडवली, घड्या धरू लागली. चौथ्या रविवारी हिम्मतराव म्हणाले, "पान हलत नसेल त्या दिवशी बघू."

पान हलत नाही असा दिवस हैद्राबादेत यायला किती वेळ लागतो ते पद्मावतीला विचारा. दर रविवारी पहाटे ती गच्चीवर उदबत्ती लावायची आणि धुराकडे बघत बसायची. धूर वीतभर सरळ जायचा आणि मग झुकायचा. मार्च झुकण्यात गेला, एप्रिल-मे नुसत्या धुळीत, मग पावसाळाभर क्लब बंद. इंदुताई आधी हसायच्या. मग आपणच विचारू लागल्या, "काय वन्सं, आज?" आणि ही मान हलवून खाली यायची. एक्स्चेंजमध्ये बोर्ड एकामागून एक बंद होत होते. रिकाम्या बोर्डापुढे हेडफोन लावून ती बसे आणि कानातल्या खरखरीपलीकडे काही आहे का ते ऐकत राही.

डिसेंबरातल्या एका रविवारी धूर उठला तो उठतच गेला. नजर पोचेल तिथवर सरळ. इंदुताईंनीच तिला रिक्षात बसवलं.

खांबावरची पिशवी मेल्यासारखी लोंबत होती. हिम्मतरावांनी वहीत त्रेचाळीस लिहिलं, विमान तीन हजार फुटांवर न्यायला सांगितलं, आणि दारात तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "जा."

ती गेली. मोजलं, हिसका बसला, वर पाहिलं. छत्री होती. आणि मग ते आलं.

खाली रस्त्यावरून ट्रक चालला होता, त्याला आवाज नव्हता. तळं होतं, शेतं होती, एरंडीच्या रानात कुणी वाकलेलं होतं, आणि कुणी काही म्हणत नव्हतं. ना हॅलो, ना ऐकू येतंय का. पद्मावतीला रडू फुटलं, आणि त्याचाही आवाज नको म्हणून तिनं ओठ दाबून धरले. हेच. वीस वर्षं हेच हवं होतं.

मग तिचा उजवा हात आपसूक उचलला गेला. तीन मिनिटं झाली होती. पण जमीन अजून चांगली खाली होती. बाकीच्यांचे पाय एव्हाना टेकलेले, आणि ही आपली वरच. वाढवू का, असं विचारायला कुणी नव्हतं. छत्री खरंच खाली यायचं नाव घेत नव्हती. अजून, पद्मावती मनात म्हणाली, अजून थोडं.

पाय टेकले, ती कुशीवर लोळली. एरंडीतली बाई धावत आली आणि तिनं तेलुगूत विचारलं, "एम्मा, देब्ब तगिलिंदा?" लागलं का, बाई? जग पुन्हा बोलायला लागलं होतं.

"साडेतीन मिनिटं," विमान उतरल्यावर हिम्मतराव घड्याळ दाखवत म्हणाले. "बाकीचे पावणेतीन मिनिटांत खाली. हडकुळेपणा कामी आला."

"पुन्हा सोडाल?"

त्यांनी खांबाकडे पाहिलं. पिशवी हलायला लागली होती. पुढचे सगळे रविवार ती हलतच राहिली, आणि फेब्रुवारीत भाड्याचं विमान बंगळूरला परत गेलं ते आलंच नाही. पद्मावतीनं उदबत्ती मात्र थांबवली नाही.

मार्चअखेर तिचाही बोर्ड बंद व्हायचा होता. शेवटच्या शनिवारी शर्वरीचा कॉल आला. "आई, व्हिसा झाला. एकोणीस तारखेला अमेरिकेला निघतेय." पलीकडून काही उत्तर आलं नाही. अलीकडूनही मग काही नाही. एरवी पद्मावती म्हणाली असती, बोला, लाइन चालू आहे. ती बोलली नाही. तीन मिनिटं झाली, तिचा हात किल्लीवर गेला आणि तिनं तो काढून मांडीवर ठेवला. कानात फक्त दोघींचे श्वास येत होते. किती तरी वेळानं देवरुखकडून आवाज आला, "जा, बाई." त्यानंतरही कुणी फोन ठेवला नाही, आणि पद्मावतीनं ठेवायला लावला नाही.

त्यांनी आपणहून फोन ठेवले तेव्हा साडेसात मिनिटं झाली होती. कॉलच्या चिठ्ठीवर पद्मावतीनं तीन लिहिली. या खोट्यानं कुणी मरणार नव्हतं.