या ना, रोडगे खायले!

माणसानं कुणाला खोटं खोटं जेवायला बोलवू नये, ही अक्कल मला आली तेव्हा माझ्या दारात त्रेचाळीस माणसं चपला काढत होती.

आमचं घर बाळापूरचं, धंदा सतरंज्यांचा. घरात दोन माग. विणणारे अब्बा आणि विकणारा मी. म्हणजे, न विकणारा मी! त्या वर्षांत पाऊस दगा द्यायचा, आणि कापूस पिकलाच तर भाव दगा द्यायचा. कापूस रडला की आमच्याकडं लग्नं लहान होतात. लहान लग्नात सतरंजी कोण घेतो? मंडपवाला प्लास्टिकच्या चटया टाकतो आणि वऱ्हाडी गुमान बसतात. एका सकाळी अब्बा म्हणाले (घरात आम्ही अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी बोलतो, तुम्हाला वऱ्हाडी अर्धं सांगतो), "सलीम, एवढं सूत संपलं का माग भंगारात देऊन टाकतो. पाय पसरवाले जागा तरी होईन घरात." हे म्हणताना त्यांचा हात मागावरच होता.

मी मोबाइलवर दुकान मांडलं. संत्रावाल्यांचा ग्रुप, हातकामवाल्यांचा ग्रुप, मिळेल त्या ग्रुपात शिरलो आणि रोज सकाळी सतरंजीचा फोटो टाकू लागलो. लोक अंगठा दाखवायचे. (आमच्याकडं त्याचा जो अर्थ होतो, तोच निघाला.)

शेवटी बायको, नसीम, कावली. "तुमी लोकाइले नुसतं घ्या घ्या करून राहिले! रस्त्यात कोणी असं धरलं तर थांबसान काय? आधी माणसाची खबर घ्या, मंग सतरंजीचं बोला."

पटलं. मी फोटो बंद केले आणि खबर घ्यायला लागलो. शेंदूरजनाघाटच्या रमेशभाऊंची संत्र्याची बाग, भातकुलीच्या एका काकूंचा गुडघा, अकोल्याच्या मास्तरांच्या पोरीची परीक्षा... आणि खरं सांगतो, मजा यायला लागली! काकूंचा गुडघा दुखला की मलाही चैन पडेना. सतरंजी एकही विकली गेली नाही, पण रोज सकाळी वीस माणसं माझी तब्येत विचारायला लागली.

आता इथं आमच्या मुलखाची एक रीत सांगतो. वऱ्हाडात बोलणं संपलं की माणूस म्हणतो, "या मंग घरी, रोडगे खायले." समोरचा म्हणतो, "येतो ना!" आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. कोणी येत नाही, कोणी वाट बघत नाही. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी, एवढा खटाटोप कोण रोज करणार? पण म्हणायचं असतं. मी दिवसाला वीस वेळा म्हणायचो.

त्यात ग्रुपवर पुण्याच्या सुलभाताई आल्या. त्यांच्या योगवर्गाला बारा सतरंज्या हव्या होत्या. बारा! अब्बांनी उरलेलं सगळं सूत त्यातच घातलं. म्हणाले, "ह्या बाईनं माल पसंत केला तर माग राहतीन. नाई तर भंगारवाल्याले मी सांगूनच ठेवलं हाय." सतरंज्या तयार झाल्या, पांढऱ्या कापडात शिवून ठेवल्या. ताईंनी ग्रुपवर विचारलं, "पाठवण्याआधी बघायला आले तर चालेल?" मी सवयीनं लिहिलं, "या ना, रोडगे खायले! सगळेच या!"

सगळ्यांनी सवयीनं लिहिलं, "येतो ना!"

पण पुण्याच्या माणसाला आमची रीत काय माहीत? ताईंनी लिहिलं, "मग येत्या रविवारी, सकाळी अकरा. कोण कोण, नावं लिहा." आणि खाली चक्क यादी केली! एक, दोन, तीन असे आकडे घालून! मला वाटलं, वा, पुण्याचं माणूस असूनही बाई छान गंमत करते. मी प्रत्येक नावाखाली हात जोडले. तिकडं आमची माणसं म्हणाली, पुण्याची बाई येऊन राहिली आन आपण नाई गेलो तर बरं दिसन काय?

रविवारी अकराला मी बनियनवर डोक्याला तेल चोळत होतो. बाहेर गाड्या थांबल्या. अब्बांनी दारातून पाहिलं आणि मयतीला जायची टोपी खुंटीवरून घ्यायलाच हात घातला, मग सावरून विचारलं, "सलीम, आपल्या घरी कोण गेलं बे?"

"कोणी नाई, अब्बा."

"मंग एवढे लोकं काहून आले?"

"जेवाले."

नसीमनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी इथं लिहू शकत नाही.

रमेशभाऊंनी संत्र्यांच्या दोन पेट्या उतरवल्या. काकू दुखऱ्या गुडघ्यानं पोतंभर वांगी घेऊन आल्या. त्यांना बघून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं (तेलही गेलं असेल). शेजारचे गजूभाऊ गोवऱ्या घेऊन धावले, मी चक्कीवर पिठाला. तासाभरात आर धगधगला. फक्त बसायला जागा नव्हती. अंगणात नुसती धूळ.

अब्बांनी कात्री घेतली आणि ताईंच्या गठ्ठ्याची शिवण टराटरा उसवली.

"अब्बा! ऑर्डर हाय ते!"

"सतरंजीवाल्याच्या घरी पाहुणा मातीत बसन काय बे?"

बाराच्या बारा अंथरल्या. लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्यांनी अंगण भरून गेलं. मी म्हटलं, निदान वाढायचं काम आपण करावं. भाजीची बादली उचलली, ऐटीत निघालो, "घ्या ताई, लाजू नका," म्हणालो, आणि सतरंजीच्या दुमडलेल्या काठात पाय अडकून सरळ पुढं गेलो. बादली माझ्याही पुढं. भाजी अख्खी निळ्या सतरंजीवर आणि भाजीवर मी!



सुलभाताईंनी चष्मा सारखा करून विचारलं, "ही माझीच का?"

"नाई नाई!" मी भाजीतूनच म्हणालो. "हे तर घरची, जुनी..."

"तुमचीच हाय, बाई," अब्बा म्हणाले. "बाराई तुमच्याच हायेत. ह्या गाढवाचं आयकू नका."

मला तिथंच वाटलं, संपलं. माग गेले. वांग्याच्या फोडी वेचत मी मान वर करेना. अब्बा मात्र सतरंजी ओढत धुण्याच्या दगडापाशी गेले. नळ आठवड्यातून एकदा यायचा. नसीमनं ओठ घट्ट मिटून पिंपाचं झाकण स्वतः उघडलं. साबण लागला, धुणं बडवायची मोगरी चालली, लालभडक तेल वाहून गेलं. अब्बांनी शेवटचं पाणी परातीत धरून ताईंपुढं ठेवलं. नितळ! निळ्याचा थेंब नाही.

"रंग गेला असता तर फुकट नेजा म्हटलं असतं," अब्बा म्हणाले.

ताईंनी ओल्या सतरंजीवरून हात फिरवला. "बारा नेतेच. अजून बारा विणायला घ्या. आणि आजोबा, तो रोडगा जळतोय."

हे सगळं मास्तरांच्या पोरीनं मोबाइलमध्ये टिपलं होतं. ग्रुपवरून ते कुठं कुठं गेलं देव जाणे. रमेशभाऊंच्या सोयऱ्यांनी सतरंज्या मागवल्या, काकूंच्या भजनी मंडळानं मागवल्या. भंगारवाला दोनदा येऊन नुसता चहा पिऊन गेला. पण प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी मलाच विचारतं, "भाजीत पडलेले ते तुम्हीच का?"

आता फोन अब्बाच घेतात. परवा नागपूरचे कोणीतरी होते. पीक-पाणी झालं, सुनेची खबर झाली, सतरंजी ठरली, आणि शेवटी अब्बा म्हणाले, "या मंग घरी, रोडगे खायले." तिकडून माणूस बिचकला असावा, कारण अब्बांनी माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नाई नाई, बिनघोर या. वाढाले सलीम नाई राहत."