मास्तरांच्या अंगठ्याचं नख

बाजारातल्या त्या म्हाताऱ्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. कात्री, टेप सगळ्यांकडेच असतात. मास्तरांचं खरं हत्यार म्हणजे उजव्या अंगठ्याचं नख. कापड दुमडायचं, वरून नख ओढायचं, की घडी अशी बसे की इस्त्रीनं मान खाली घालावी. "खडू पुसला जातो, नख दगा देत नाही," हे ते पन्नास वर्षं सांगत आले.

पंचाहत्तरी उलटली आणि नखानं दगा दिला. त्यावर उभ्या रेघा उमटल्या, कड चिरली. रेशमावरून ओढलं की धागा अडकून वर येई. दुकान आता मुलाच्या हातात. तो म्हणाला, "बाबा, यापुढे तुम्ही जाडंभरडं तेवढं शिवा. रेशीम मी बघतो."

"अरे, याच नखावर तुला लहानाचा मोठा केलाय!"

"तरीच अंगावर ओरखडे आहेत."

मास्तर हसले नाहीत. रेशीम गेलं म्हणजे उरले उशांचे अभ्रे.

सुनेनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या रेघा वयाच्या, आजोबा. नख कोरडं पडलंय. कोमट पाण्यात भिजवून सरळ कापत जा आणि तेल चोळा."

जन्मात कधी डोक्याला धड तेल न लावलेला माणूस एका नखाचे लाड पुरवू लागला. काही महिन्यांत चिरलेला भाग वाढून कापला गेला. मग एका दुपारी मुलानं फिकट रेशमी झगा पुढ्यात ठेवला. "बघा जमतंय का."

आज खास दिवस, म्हणून मास्तरांनी सकाळचं तेल दुपारी पुन्हा चोळलं. कापड दुमडलं, नख ओढलं. एक धागा हलला नाही. घडी सुरेख बसली. आणि घडीबरोबर खालपर्यंत तेलाची बारीक रेघही.

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. "असू दे, बाबा," म्हणत त्यानं झगा हळूच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी मास्तरांची खुर्ची दाराशी गेली. "तुम्ही गिऱ्हाइकांशी गप्पा मारा. त्यांना आवडतं."

अभ्रेसुद्धा कुणी दिले नाहीत.

महिन्याभरानं सून त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, नखं किती छान झालीत हो!"

"होणारच, सूनबाई," मास्तर म्हणाले, "आता त्यांना काम काय?"