आतून न उघडणारा तंबू

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खोळी शिवतात. सोफ्याच्या, गाद्यांच्या, उशांच्या, मोटारीच्या सीटच्या. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. दुकान चष्मेवाला आणि किल्लीवाला यांच्या मधोमध, इतकं अरुंद की मास्तर मशीनवर बसले की गिऱ्हाईकाने रस्त्यावर उभं राहूनच माप सांगायचं. त्यांचे दंड पैलवानाचे आणि पोट सावकाराचं. एवढा ऐवज त्या फटीत कसा मावतो, हे गल्लीतलं जुनं कोडं आहे. ताई म्हणायची, "यांनी दुकान भाड्याने नाही घेतलं, अंगावर शिवून घेतलंय."

दुकानाच्या वर दोन खोल्या. तिथे ताई नसल्याला आता बराच काळ लोटला होता. म्हणजे गैरसमज नको, ताई ठणठणीत आहे. त्यांच्या लेकीला परदेशात जुळं झालं, तेव्हा ताई गेली ती "पोरं बसायला लागेपर्यंत" म्हणून. पोरं बसली. मग "चालायला लागेपर्यंत". पोरं चालली. मग बोलायला लागेपर्यंत, आणि आता ती बोलतात आणि दिवसभर आजीशीच बोलतात. भाऊजीही एकदा तिकडे जाऊन आले. आठवडाभरात लेकीच्या घरातल्या सगळ्या उशांना नव्या खोळी झाल्या आणि मग ते खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेवटी जावईच म्हणाले, बाबांना मशीनपाशी जाऊ द्या.

रोज सकाळी ताईचा फोन येतो. भाऊजींचं उत्तर ठरलेलं. "इकडे सगळं ठीक. तू सावकाश ये."

सगळं कसं ठीक होतं ते मी एकदा वर जाऊन पाहिलं. ताईच्या खुर्चीला खोळ. ताईच्या रेडिओला खोळ. मिक्सरला, इस्त्रीला, तिच्या छत्रीला, तिच्या घरातल्या सपातांना, प्रत्येकीला वेगळी, खोळ. सगळ्यांना चेन. मी कोपऱ्यात एक उंच सडपातळ खोळ पाहून विचारलं, "हे काय?"

"झाडू," भाऊजी म्हणाले. "तिचा आहे तो. मी दुसरा वापरतो."

"भाऊजी, झाडूवर धूळ बसू नये म्हणून खोळ शिवणारे जगात तुम्ही पहिलेच."

"चहा घेतोस का?" त्यांनी विचारलं आणि दोन कप केले. मी नको म्हणालो तर दोन्ही स्वतःच प्यायले. दूध उरतं म्हणे.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग ये म्हणून सांगत का नाहीत तिला?"

हा प्रश्न जो विचारतो तो भाऊजींना ओळखत नाही. या माणसाने जन्मात कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. पंगतीला वाढायला राहिलं तरी मुकाट्याने पाणी पिऊन उठतील. "लेकीला गरज आहे," एवढं म्हणायचं आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवायचा. एकदा मशीन सुरू झालं की बोलणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

आणि मग एक दिवस बायको म्हणाली, "भाऊजी एकटेच तंबू घेऊन डोंगरावर निघालेत. तू सोबत जा."

इथे त्या तंबूची ओळख करून देणं भाग आहे.

शहर संपतं तिथे बस घाटाला लागते आणि तासाभरात माणसाला रानात नेऊन सोडते. उंच सरळ झाडं, एक ओढा, त्याच्या काठाने तंबू ठोकायला सपाट केलेल्या जागा. सोय म्हणाल तर एक नळ, पत्र्याचा संडास आणि चुलीसाठी काळे पडलेले दगड. बाकी सगळी सोय देवाची. शहरातली शहाणी माणसं घरच्या गादीचे पैसे देऊन झाल्यावर इथे मुळांवर पाठ टेकायला येतात. मला हे कधी कळलेलं नाही. माझ्या मते माणसाने गुहा सोडली ती विचार करून सोडली असणार. पण भाऊजी आणि ताई लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून दर साल जायचे. दिवसभर त्या फटीत वाकून बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा हात पसरायला जागा हवी असायची, एवढंच.

तंबू अर्थातच घरचा. कुठल्याशा हॉटेलने बागेतल्या छत्र्यांसाठी कापड मागवलं आणि रंग नापसंत करून टाकून दिलं. पिवळे आणि पांढरे जाड पट्टे. भाऊजींनी दोन रात्री जागून त्याचा तंबू शिवला, पितळी चेन लावली आणि तिसऱ्या दिवशी दोघं बसमध्ये. तेव्हापासून त्या रानात पोरं विचारतात, सर्कशीचा खेळ किती वाजता आहे. तंबूला अर्थातच खोळ आहे. त्या खोळीलाही एक पिशवी आहे, पण ते असो.

ताईने त्या तंबूची चेष्टा करायचं एकही साल सोडलं नाही. कापडाला हसली, पट्ट्यांना हसली, छप्पर गळलं तेव्हा "शॉवरची सोय केलीत का?" म्हणाली. दर वर्षी निघण्याआधी भाऊजी ठिगळं लावायला तंबू पसरत, तेव्हा मात्र ती एक गोष्ट बजावायची. "चेनला हात लावू नका. ती छान चालते. तिचं मी बघते." आणि स्वतः बसून चेनला मेणबत्ती घासायची.

तर आम्ही गेलो. मी दुकानातून आणलेला, आपोआप उघडणारा तंबू घेतला होता. तो आपोआप उघडला, माझ्या नाकावर. तिथला रखवालदार धावत आला आणि मला सोडवण्याआधी भाऊजींना म्हणाला, "एकटेच? बाई कुठं आहेत?"

"लेकीकडे."

"अजून?" रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं. "नळ गळतोय बघा. म्हटलं यंदा तरी बाई येतील, शिव्या देतील, तर वरच्या हापिसात सांगायला जोर येईल."

त्याने त्यांची नेहमीची जागा, तिरक्या झाडाखालची, अडवून ठेवली होती. तीसुद्धा दोन वर्षं मोकळीच गेलेली; बसवाल्याकडून नुसता निरोप यायचा, बाई लेकीकडे आहेत. भाऊजींनी तंबू उभा केला, आत शिरले आणि डावीकडे अंथरूण घातलं. उजवी बाजू रिकामी. एकटा माणूस, एवढा देह, खुशाल मधोमध पसरावं. पण नाही.

अंधार पडायच्या आत आम्ही निखाऱ्यात बटाटे भाजले, मीठ लावून खाल्ले. दरीत खाली शहराचे दिवे लागू लागले. भाऊजी बराच वेळ तिकडे पाहत होते.

"आपलं घर कुठल्या बाजूला येतं रे, बारक्या?" मला ते अजून बारक्या म्हणतात. माझ्या वजनाकडे दुर्लक्ष करणारा तेवढाच एक माणूस उरलाय.

मी अंदाजाने बोट दाखवलं.

"ती नेहमी म्हणायची, दिवा चालू राहिलाय आपला. दर वर्षी. आणि मग मी म्हणायचो, नाही गं, बंद केलाय." त्यांनी निखाऱ्यात काडी सारली. "यंदा राहिलाय बहुतेक."

मग ते तंबूत शिरले आणि आतून म्हणाले, "बारक्या, चेन लाव. खाली मूठभर जागा ठेव फक्त, तिची पद्धत आहे तशी." मी चेन खाली ओढली, मूठभर जागा ठेवली आणि माझ्या आपोआप तंबूत मुळांशी झटापट करायला गेलो.

सकाळी जाग आली ती हाकांनी. बाहेर आलो तर सर्कशीच्या तंबूच्या तळाशी एक जाडजूड हात मनगटापर्यंत बाहेर आलेला आणि गवत चाचपडत होता. समोर रखवालदार आणि दूध घेऊन आलेली एक बाई दोघं उभी राहून तो हात पाहत होती.

"काय पाहिजे म्हणतात?" बाईने विचारलं.

"कळत नाही," रखवालदार म्हणाला. "मी बिडी दिली, ती फेकली."

"बारक्या," तंबू म्हणाला, "चेन आतून उघडत नाही."

मी वाकून पाहिलं. चेनचा रनर, म्हणजे तो ओढायचा खटका, फक्त बाहेरच्या बाजूला होता. आत नुसती पट्टी. मी चेन वर सरकवली आणि भाऊजी गुडघ्यांवर बाहेर आले. त्यांनी उभं राहायच्या आधी चेन हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, डोळ्यांजवळ नेली.

"मी दुतर्फा रनर आणला होता," ते सावकाश म्हणाले. "खास तंबूसाठी. आतून बाहेरून दोन्हीकडून चालणारा. बाजारात तीन दुकानं फिरलो होतो."

आणला असणार. पण हात खोळीचा. खोळीची चेन बाहेरूनच उघडते, कारण गादीतल्या कापसाला सकाळी उठून कुठे जायचं नसतं. दोन रात्री जागलेल्या माणसाच्या बोटांनी सवयीने साधा रनर ओवला आणि दुतर्फा बहुधा अजून कुठल्यातरी डब्यात पडून असेल.

"मग इतकी वर्षं उघडायचा कोण?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

भाऊजी पडल्या पडल्या घोरणारे. चेन लावायची ताईने. सकाळी आधी उठायची ताई. त्या मूठभर जागेतून तिचा बारीक हात कोपरापर्यंत बाहेर जाई, वर वळून खटका पकडी आणि दार उघडे. भाऊजींना जाग यायची तेव्हा दार उघडं, ऊन आत आणि चहाचं पाणी चुलीवर. इतकी तोंडाळ बाई, या माणसाच्या पट्ट्यांना, ठिगळांना, घोरण्याला नावं ठेवताना कधी दमली नाही. पण शिवणकामातली ही एक खरी चूक तिने कुणालाच सांगितली नव्हती. मला नाही, लेकीला नाही. यांना तर नाहीच.

भाऊजी तिथेच मातीत बसून राहिले. मग म्हणाले, "फोन लागतो ना तिथे वर?"

त्या रानात फोन फक्त एका सपाट दगडावर लागतो. त्या दगडावर रांग असते. आमच्या पुढे एक कॉलेजची मुलगी होती, ती "हो आई, जेवले आई" करत होती. तिचं झालं तरी ती गेली नाही, कारण भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला होता. त्यांच्या बोटांना दुसरं बटण सापडत नाही.

"अहो, आज लवकर?" ताईचा आवाज सगळ्या डोंगराला ऐकू गेला. मागे जुळं कशावरून तरी भांडत होतं. "कुठे आहात? वारा कसला येतोय?"

"दगडावर."

"एकटे गेलात?"

"बारक्या आहे."

"म्हणजे एकटेच. स्वेटर घातलाय का?"

"अगं, चेन बाहेरूनच आहे."

पलीकडे ताईने पोरांना दटावलं.

"कळलं का शेवटी," ताई म्हणाली. "अडकलात?"

"हो."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी."

ताई हसली. भरपूर हसली, आणि मग थांबली. भाऊजी म्हणाले, "बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? पहिल्या सकाळी तुम्ही त्या तंबूभोवती फेऱ्या मारत होतात. आठवतं? पाच मिनिटांत चार माणसांना धरून आणलंत दाखवायला, हे मी शिवलं म्हणून. मग नाही बोलले. आणि माझा हात जात होता की. कुठे अडलं?"

"आता अडलं ना."

"मग रनर बदला. दहा मिनिटांचं काम तुमचं. पोरांनो, हळू. हं, बोला. बाकी सगळं ठीक ना?"

इथे त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहत होतो, कॉलेजची मुलगी त्यांच्याकडे पाहत होती, रखवालदार कशाला वर आला होता कोण जाणे. भाऊजींनी खाली पायांकडे पाहिलं. इथे पाय ठेवायला मशीन नव्हतं. त्यांनी दगडावरच पाय एकदा दाबून पाहिला.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"ठीक नाही. मला रनर बदलायचा नाहीये. तू ये."

पोरांचं भांडण थांबलं होतं, की ताईने त्यांना खोलीबाहेर काढलं होतं, कोण जाणे. ती म्हणाली, "हे एवढं म्हणायला इतके दिवस लागले?"

"लेकीला गरज आहे म्हणून..."

"लेकीला विचारलंत? ती तर मला कधीची म्हणतेय, जा. मीच म्हटलं, जाऊन काय करू. ते रोज म्हणतात, सावकाश ये." तिचा आवाज जरा घसरला, लगेच सावरला. "पोरांचं पाळणाघर सुरू होऊ दे. मग निघते. आणि त्या चेनला हात लावू नका."

"नळ," रखवालदाराने मागून आठवण केली.

"आणि त्या नळाचं काय झालं, विचारा त्याला," ताई म्हणाली. रखवालदाराचं तिला ऐकू गेलं नव्हतं, तो नळ जुनाच गळका. तिचं ती म्हणाली.

दुपारच्या बसने आम्ही उतरलो. घरी पोचताच भाऊजींनी ताईच्या खुर्चीची खोळ काढली, घडी घातली, मशीनवर ठेवली आणि खुर्चीकडे पाहत उभे राहिले. दिवा राहिलाच होता चालू.

पाळणाघर सुरू व्हायला अजून अवकाश आहे. मध्ये एका पोराला कांजिण्या आल्या, त्याचं होतंय तोवर दुसऱ्याला. परवा मी गेलो तेव्हा खुर्चीवर खोळ परत चढलेली होती. मी काही म्हणायच्या आत भाऊजीच म्हणाले, "धूळ फार येते रे रस्त्याची."

खोळ नीट बसवलेली होती, कोपरे टोकदार. फक्त चेन वरपासून खालपर्यंत उघडी ठेवलेली होती.